बिनपगारी सिनेटर

"कुमुदताई, काल युनियन स्टेशनात लष्करी वेषातली पोरं बघितली. बंदुकीसकट. लेक म्हणाली, आई, टक लावून बघू नकोस. झालंय काय तुमच्या गावाला?"

"ऑगस्टपासून चालू आहे ते. थांबा, एवढी अळूची पानं खुडते आणि येते."

लेकीचं घर वॉशिंग्टनच्या टाकोमा भागात. मागच्या अंगणाला कमरेएवढं लाकडी कुंपण आणि पलीकडे कुमुदताई. मूळच्या गिरगावच्या. इथं येऊन उभा जन्म गेला, नागरिकत्व घेतलं, नवरा गेला, पण अळू आणि जीभ दोन्ही शाबूत. मी बेळगावची, मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका, म्हणून त्या मला 'बाई' म्हणतात. लेक-जावई कामाला गेले की आमची सभा भरते. गावाची कुलंगडी कळायला कुंपणासारखी जागा नाही.

"नॅशनल गार्ड म्हणतात त्यांना," कुमुदताई पानं पदराऐवजी टी-शर्टच्या ओच्यात घेऊन आल्या. "बाकीच्या राज्यांत गार्ड गव्हर्नरच्या हुकमात असतो. आम्हाला गव्हर्नरच नाही, त्यामुळे आमच्या गार्डचा धनी थेट राष्ट्राध्यक्ष. शिवाय मिसिसिपी, लुइझियाना, ओहायो असल्या राज्यांनी आपापली पोरं धाडली ती वेगळी. आणि ११ ऑगस्ट २०२५ ला ट्रम्पसाहेबांनी शहराचे पोलीसही तीस दिवसांसाठी ताब्यात घेतले. कायद्यात तशी सोयच आहे. १९७३ मध्ये आम्हाला 'होम रूल' दिला ना, त्यातलंच कलम ७४०."

"होम रूल? अहो, टिळकांनी होमरूल लीग काढली ती १९१६ ला आमच्या बेळगावातच."

"मग तुम्हाला कळेलच. टिळकांनी मागितला होता तेवढासुद्धा नाही हा. महापौर आहे, तेरा जणांचं कौन्सिल आहे, पण त्यांनी केलेला कुठलाही कायदा काँग्रेस, म्हणजे इथली संसद, मोडू शकते. २०२३ ला आमच्या कौन्सिलनं फौजदारी कायदा नव्यानं लिहिला. सिनेटनं तो ८१ विरुद्ध १४ मतांनी उडवला आणि बायडेननं सही ठोकली. आमच्याच पक्षाचा म्हणायचा तो! २०२५ च्या मार्चमध्ये तर आमच्याच करातून गोळा झालेले सुमारे अब्जभर डॉलर खर्च करायला मनाई. पैसे आमचे, बरं का."

"तुमचा खासदार काय करतो मग? झोपा काढतो?"

कुमुदताई हसल्या. या प्रश्नाचीच वाट बघत असाव्यात.

"खासदारीण आहे. एलेनॉर होम्स नॉर्टन. १९९१ पासून बसल्यात, वय अठ्ठ्याऐंशी. भाषण करता येतं, समितीत मत देता येतं, विधेयक मांडता येतं. पण सभागृहात विधेयक मताला आलं की बाईंनी हात बांधून बसायचं. आणि सिनेटमध्ये तर आमचं कोणीच नाही. न्यायाधीश नेमायचे, मंत्री मंजूर करायचे, ते सगळं सिनेटमध्ये. तिथं सात लाख माणसांचं नाव घ्यायला कोणी नाही."

"सात लाख?"

"२०२० च्या जनगणनेत सहा लाख एकोणनव्वद हजार. वायोमिंग राज्यात पावणेसहा लाख, व्हर्माँटमध्ये साडेसहा लाखांच्या आत. त्यांना दोन-दोन सिनेटर. आम्ही केंद्राला माणशी जेवढा कर भरतो तेवढा कुठलंही राज्य भरत नाही, आणि आम्हाला शून्य."

मला आपली दिल्ली आठवली. तिथंही पोलीस आणि जमीन केंद्राच्या हातात, रोजची भांडणं. पण लोकसभेत सात आणि राज्यसभेत तीन खासदार आहेतच की. मी तसं म्हटलं, तर कुमुदताईंनी मला आणखी एक गंमत ऐकवली.

"१९९३ मध्ये नॉर्टनबाईंनी भांडून एक अर्धं मत मिळवलं. पूर्ण सभागृह समिती म्हणून बसतं तेव्हा त्यांनी मत द्यायचं. मात्र त्या मतानं निकाल फिरत असेल तर लगेच पुन्हा मतदान घ्यायचं, बाईंना वगळून."

"म्हणजे मताचा उपयोग नसेल तेव्हाच ते धरायचं?"

"अगदी बरोबर. आणि एवढंसुद्धा रिपब्लिकन आले की काढून घेतात, डेमोक्रॅट आले की परत देतात. आणि तो तुमचा बेळगावचा ठाणेदार बघा. श्री ठाणेदार. जन्म चिकोडीचा, वाढला बेळगावात. मिशिगनमधून निवडून येतो आणि २०२३ पासून त्याच सभागृहात ऐटीत मत देतो. डेट्रॉइटवाल्यांचं मत मोजतात. त्या इमारतीच्या सावलीत राहणाऱ्यांचं नाही."

ठाणेदारांचं नाव निघालं की बेळगावकराची मान आपोआप ताठ होते. माझीही झाली, खोटं कशाला बोलू?

"पण सिनेटर नाहीत असं कसं म्हणता?" मी म्हटलं. "परवा जावयाच्या कागदांत गेल्या निवडणुकीचं पत्रक सापडलं. त्यात 'युनायटेड स्टेट्स सिनेटर' असं ठळक छापलेलं होतं."

"हां! आता आलात मुद्द्यावर." कुमुदताईंनी अळू बाजूला ठेवलं. "त्यांना आम्ही शॅडो सिनेटर म्हणतो. दोन सिनेटर आणि एक रेप्रेझेंटेटिव्ह, असे तिघं. रीतसर उमेदवारी, रीतसर प्रचार, नोव्हेंबरात रीतसर मतदान. मतपत्रिकेवर पद छापतात ते सिनेटर असंच. निवडून आले की शपथ. मग दुसऱ्या दिवसापासून सिनेटच्या दाराशी. आत जागा नाही, मत नाही, पगार नाही. महापालिकेच्या इमारतीत बसायला एक खोली तेवढी मिळते. मुंडावळ्या बांधून मांडवात बसलेले नवरदेव हो! मुलीकडच्यांनी अजून होकारच दिलेला नाही."

"आणि उभं कोण राहतं असल्या पदाला?"

"पहिल्याच खेपेला, १९९० मध्ये, कोण उभं राहिलं सांगू? जेसी जॅक्सन! दोनदा राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितलेला माणूस. आयुष्यात जिंकलेलं निवडणुकीचं पद हेच, बिनपगारी. त्यांच्याबरोबर फ्लॉरेन्स पेंडलटन नावाच्या बाई निवडून आल्या. जॅक्सन होते तोवर वर्तमानपत्रवाले मागे फिरायचे. पुढं पॉल स्ट्राउस आले, १९९७ पासून आजतागायत तेच. वकील आहेत. पोट वकिलीवर, सिनेटरकी फुकट."

"दुसरे?"

"दुसरे मायकेल ब्राउन. त्यांची तर बहार आहे." इथं कुमुदताईंनी आवाज खाली आणला. कुंपणापलीकडे ऐकायला कोणी नव्हतं, पण गावगप्पा मोठ्यानं सांगितल्या तर त्यांची चव जाते. "आमच्या कौन्सिलमध्ये तेव्हा एक मायकेल ब्राउन होता. मायकेल ए. ब्राउन. आणि शॅडो सिनेटर मायकेल डी. ब्राउन. २०१० मध्ये हे 'डी' कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले आणि मतचाचणीत थेट पुढे! सगळे चाट. मग कळलं, लोक त्यांना 'ए' समजताहेत. 'ए'च्या पुण्याईवर 'डी'ची गाडी सुसाट. शेवटी विरुद्ध बाजूचे लोक सांगत सुटले की हा तो नव्हे, आणि 'डी' पडले. म्हणजे चार वर्षं सिनेटर असून त्यांचा चेहरा गावाला माहीत नव्हता. हे असं आहे या पदाचं."

मी पोट धरून हसले. आमच्याकडे एकाच नावाचे चार अपक्ष मुद्दाम उभे करतात, इथं फुकटात झालं!

"२०२४ मध्ये तेही बाजूला झाले. आता त्यांच्या जागी अंकित जैन."

"जैन? आपल्यातले?"

"भारतीय वंशाचा मुलगा. मताच्या हक्कांचे खटले लढणारा वकील. आपण दोघी इथं कुंपणाला टेकून बोलतोय आणि आमचा सिनेटर जैन आहे बघा. फक्त सिनेटमध्ये नाही."

मला राहवलं नाही. मी कितीतरी निवडणुकांत मतदान केंद्रावर राबलेली बाई. पेट्यांना लाख लावलेली, बोटांना शाई लावलेली, रात्री दोनपर्यंत पंचायतीच्या आवारात पेटी जमा करायला रांगेत उभी राहिलेली. एवढा खटाटोप कशासाठी करायचा तर कोणीतरी कुठंतरी जाऊन बसावं म्हणून. ज्याला बसायला खुर्चीच नाही त्याच्यासाठी मतपत्रिका छापायच्या, मोजणी करायची? मी तसं तोंडावर म्हटलं. हा पोरखेळ आहे, कुमुदताई.

त्या चिडल्या नाहीत. "अलास्कानं हाच पोरखेळ केला," त्या म्हणाल्या. "१९५६ मध्ये. तेव्हा ते राज्य नव्हतं. त्यांनी आपले आपणच दोन सिनेटर आणि एक प्रतिनिधी निवडले आणि वॉशिंग्टनला पाठवून दिले, बसा तिथं दारात, लोकांना भेटा, भंडावून सोडा. १९५९ च्या जानेवारीत अलास्का राज्य झालं. त्यातला ग्रूएनिंग खरा सिनेटर झाला, ईगन पहिला गव्हर्नर झाला आणि रिव्हर्स कनिष्ठ सभागृहात, हाउसमध्ये गेला. या युक्तीला टेनेसी प्लॅन म्हणतात, कारण सगळ्यात आधी टेनेसीनं ती केली, १७९६ ला. मिशिगननंही केली. म्हणजे तुमचा ठाणेदार ज्या राज्यातून येतो ना, तेही असंच आगाऊ सिनेटर निवडून दारात जाऊन बसलं होतं."

"मग तुमचं का होत नाही? तुमचे तर पस्तीस वर्षं बसलेत."

"आमची मतं माहीत आहेत म्हणून. इथं शंभरातले नव्वद डेमोक्रॅटना मत देतात. राज्य दिलं की दोन डेमोक्रॅट सिनेटर कायमचे वाढले. कुठला रिपब्लिकन कबूल होईल? बाकी ते घटनेची कारणं सांगतात, आणि ती सगळीच काही खोटी नाहीत. राजधानी कुठल्या एका राज्याच्या मुठीत नसावी म्हणून तर ही जागा वेगळी काढली. १७८३ मध्ये फिलाडेल्फियात पगार थकलेल्या सैनिकांनी काँग्रेसला घेरलं, पेनसिल्व्हेनिया राज्य मदतीला येईना, तेव्हा ही मंडळी प्रिन्स्टनला पळाली. त्याचा धसका. मग घटनेत लिहिलं, दहा मैल चौकोनाची जागा, तिच्यावर हुकूम काँग्रेसचा. १७९१ ला हद्दीचे दगड पुरायला घेतले. चाळीस दगड. त्यातले बरेच अजून आहेत, एक तर इथं टाकोमातच. आणि १८०१ च्या कायद्यानं इथल्या लोकांचं मत गेलं."

"हद्दीचा दगड आणि मत गेलं, हे दोन्ही मला नवीन नाही हो," मी म्हटलं.

"ते खरं. पण तुम्हाला निदान मत आहे."

ते मात्र बरोबर होतं. बेळगाव कर्नाटकात घातलं, तरी तिथलं मत दिल्लीत मोजतात. मनाविरुद्ध का होईना, खासदार मिळतो. कुमुदताईंच्या वडिलांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाठ्या खाल्लेल्या. मुंबई केंद्रशासित करायची घोषणा १९५६ च्या जानेवारीत झाली आणि चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, हे त्यांच्या घरात रोज जेवताना ऐकायला मिळायचं. गिरगावकरीण मुंबईच्या बाबतीत त्या घाटातून सुटली आणि इथं येऊन बरोबर तसल्याच गावात घर घेऊन बसली. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "घर घेताना नवऱ्यानं शाळा बघितली, मेट्रो बघितली. सिनेटर कोण बघतो?" समोरचा ईस्टर्न अॅव्हेन्यू ओलांडला की मेरिलंड. तिकडच्या घराला दोन सिनेटर आणि एक मत देणारा प्रतिनिधी. रस्त्याच्या अलीकडे तेच झाड, तीच घरं, तोच कर, आणि कोणी नाही.

"मग मेरिलंडमध्येच घाला म्हणावं! पूर्वी तिकडचीच जमीन ना?"

"रिपब्लिकन तेच म्हणतात. व्हर्जिनियाचा तुकडा १८४० च्या दशकात परत गेलाच होता. पण मेरिलंडला आम्ही नको आणि आम्हाला मेरिलंड नको." एवढं बोलून त्यांनी विषय झटकला. हे उत्तर त्यांनी आधी कितीतरी जणांना दिलं असणार.

या गावाला राज्य करायचं विधेयक हाउसनं दोनदा मंजूर केलंय, २०२० मध्ये आणि मग २०२१ मध्ये २१६ विरुद्ध २०८. नावही ठरलेलं, फ्रेडरिक डग्लसवरून 'वॉशिंग्टन, डग्लस कॉमनवेल्थ'. गुलामीतून पळून आलेला हा माणूस शेवटी इथल्याच अॅनाकॉस्टियात राहिला. व्हाइट हाउस, कॅपिटॉल आणि मधलं मैदान एवढंच केंद्राकडे ठेवायचं, बाकी राज्य. सिनेटनं मतालाच घेतलं नाही. आणि घेतलं असतं तरी घटनेच्या तेविसाव्या दुरुस्तीचा घोळ होताच. १९६१ च्या त्या दुरुस्तीनं या जिल्ह्याला, म्हणजे डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाला, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तीन मतं दिलीत. जिल्हा आक्रसून व्हाइट हाउसपुरता उरला तर ती तीन मतं कोणाची? राष्ट्राध्यक्षाच्या कुटुंबाची? यावर आम्ही दोघी बराच वेळ हसलो.

मग मी त्यांना आमची गोष्ट सांगितली. त्यांना माहीत नव्हती, याचंच मला नवल वाटलं. १९९६ ची लोकसभा. सीमाप्रश्नाकडे दिल्लीनं बघावं म्हणून मराठी लोकांनी बेळगावात अर्जांचा पाऊस पाडला. एका जागेला ४५६ उमेदवार. निवडून यायचंच नव्हतं कोणाला. मतपत्रिका किती मोठी होते ते बघा, मोजणी किती चालते ते बघा, आणि मग तरी विचारा की हे असं का वागताहेत. बहुतेकांची अनामत गेली. अनामत तेव्हा पाचशे रुपये होती. त्याच वर्षी कायदा बदलून ती दहा हजार केली. प्रश्न होता तिथंच राहिला, अर्ज भरणं तेवढं महाग झालं.

"आणि मघाशी आम्हाला पोरखेळ म्हणालात!" कुमुदताईंनी कुंपणावर थाप मारली.

मी गप्प बसले नाही. आमचा राग एकाच वेळचा होता. तुम्ही दर दोन वर्षांनी नित्यनेमानं रागावता, त्यालाही कार्यालय आणि लेटरहेड. रागाचं खातं उघडून ठेवलं की लोकांना वाटतं, बघतंय कोणीतरी. पण खरं सांगायचं तर मनातून मला त्यांची चिकाटी जास्त आवडली. ४५६ अर्ज भरायला एक उन्हाळा पुरतो. फुकटचं पद पस्तीस वर्षं रिकामं न ठेवणं याला निराळी जिद्द लागते.

"या गावात खऱ्या मताचंही काय होतं ते ऐका," त्या म्हणाल्या. "१९९८ मध्ये आजाऱ्यांना औषध म्हणून गांजा द्यावा का, यावर मतदान होतं. मतदान अगदी तोंडावर आलं होतं. तेवढ्यात काँग्रेसनं अट घातली की या कामावर शहरानं एक पैसा खर्च करायचा नाही. मोजणीवरसुद्धा नाही."

"म्हणजे? मतं मोजलीच नाहीत?"

"आम्ही मतं टाकली, पण निकाल बंद. लोक कोर्टात गेले. दहा महिन्यांहून जास्त काळानं कोर्टानं सांगितलं, जाहीर करा. निघाले ६९ टक्के होकार. त्यावर काँग्रेसनं अंमलबजावणी अडवली ती २००९ संपेपर्यंत."

हे ऐकून मी खरोखर सुन्न झाले. मतदान न होणं कळतं, पेटी पळवणं कळतं, आमच्याकडे दोन्ही पाहिलंय. पण टाकलेली मतं समोर असताना ती मोजायची नाहीत असा कायदा? पेटीवर लाख लावताना हात भाजलेल्या बाईला हे सहन होणं शक्य नाही. शॅडो सिनेटरची मतं निदान त्याच रात्री मोजतात.

कुमुदताईंना माझा चेहरा बघून दया आली असावी, कारण त्यांनी लगेच हलकं काहीतरी काढलं. त्यांच्या गाडीच्या पाटीवर नंबराखाली लिहिलंय, प्रतिनिधित्वाशिवाय करआकारणी बंद करा, अशा अर्थाचं. सरकारी पाटी आहे, शहरच देतं. २००० साली सुरू झाली तेव्हा 'बंद करा' नव्हतं, नुसतीच तक्रार होती. क्लिंटननी जाता जाता ती राष्ट्राध्यक्षांच्या गाडीला लावली. बुश आले आणि त्यांनी काढली. ओबामांनी पुन्हा लावली, पण कधी? २०१३ ला, दुसऱ्या शपथविधीला. "पहिली चार वर्षं गाडी दिसली नव्हती का त्याला?" असं त्या विचारत होत्या, आणि हा राग ट्रम्पवरच्या रागापेक्षा जुना आणि जास्त मुरलेला होता. दुसरं गाऱ्हाणं विमानतळाचं. इथल्या वाहन परवान्यावर 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया' असायचं. दुसऱ्या राज्यातले तपासनीस तो परदेशी समजून पासपोर्ट मागायचे. शेवटी शहरानं 'वॉशिंग्टन, डी.सी.' छापायला घेतलं.

"आणि तुमची लेक," त्या म्हणाल्या, "व्हिसावर आहे ना? तिनं गेल्या वर्षी कौन्सिलला मत दिलं, सांगितलं नाही वाटतं तुम्हाला?"

नव्हतं सांगितलं! इथल्या नव्या कायद्यानं नागरिक नसलेल्यांनाही स्थानिक निवडणुकीत मत आहे, आणि २०२४ ची खेप पहिलीच. काँग्रेसमधल्या बऱ्याच जणांना तो कायदा खुपतो. म्हणजे माझी पोर, बेळगावात यादीत नाव असूनही कित्येक निवडणुका हुकवलेली, इथं पाहुणी असताना मत देऊन आली. आज घरी आली की विचारतेच.

"पुढच्या वर्षी पुन्हा आहे आमचं," कुमुदताई अळूची जुडी माझ्या हातात देत म्हणाल्या. "स्ट्राउसची जागा सहा वर्षांची, तिची निवडणूक २०२६ ला. रेप्रेझेंटेटिव्हची तर दर दोन वर्षांनी. देठं सोलून घ्या, खाजतात. चिंच मात्र जास्त घाला."

"तुम्ही देणार मत?"

"एकही चुकवलेलं नाही."

"स्ट्राउसच उभे राहिले तर त्यांनाच?"

"बाई," कुमुदताई एकदम गंभीर झाल्या, "तुम्ही एवढ्या निवडणुकांना ड्युटी केलीत. मत कोणाला ते विचारायचं नसतं, एवढं तुम्हाला मी सांगायचं?"